एव्ही रिसिव्हर घेताना: आवाज बघायचा की फीचर्स?

होम थिएटरसाठी एव्ही रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं मशिन, घ्यायचा म्हटलं की हा वाद निघतोच. दुकानदार फीचर्स मोजून दाखवतो कारण ती मोजून दाखवता येतात, आणि हायफायचं थोडंफार वेड असलेला एखादा मित्र सांगतो की फीचर्स गेली खड्ड्यात, तू आवाज बघ, अमुक ब्रँडचा आवाज वॉर्म आहे आणि तमुकचा कानाला बोचतो. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे. आजच्या रिसिव्हरमधे आवाजावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी जी गोष्ट आहे ती खोक्यावर फीचर्सच्या यादीतच छापलेली असते, रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवणं) या नावाने, आणि आवाजाच्या नावाखाली जे विकलं जातं, म्हणजे वॅटचे आकडे, सोनेरी टर्मिनल, आतल्या डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणाऱ्या) चिपचं नाव, त्यातलं बरंचसं आपल्या हॉलमधे बसून कुणालाही ओळखता येत नाही.

आता नीट पहिल्यापासून बघू.

सगळ्यात आधी बजेट. रिसिव्हर आधी आणि उरलेल्या पैशात स्पीकर हा प्रकार म्हणजे आधी कळस मग पाया. समजा सगळे मिळून दीड लाख आहेत तर मी रिसिव्हरवर ४०-५० हजारांच्या वर जाणार नाही, बाकी सगळं पुढचे दोन स्पीकर, सेंटर (डायलॉगचा मधला स्पीकर) आणि एक बरा सबवूफर (फक्त बासचा स्पीकर, पुढे नुसतं सब म्हणतो) यात घालीन, मागचे सराउंड सुरुवातीला साधे चालतात. स्पीकर बदलला की आवाज बदलतो, हे घरातल्या आजीलासुद्धा ऐकू येतं. एकाच किमतीचे दोन रिसिव्हर बदलले तर बहुतेकांना कळत नाही. शिवाय स्पीकर १५-२० वर्षं टिकतात, रिसिव्हर मात्र एचडीएमआयचं नवीन व्हर्जन आलं की जुना वाटायला लागतो, म्हणजे जास्त पैसे जास्त टिकणाऱ्या वस्तूत गेलेले बरे.

आता वॅट. ज्यांनी जुन्या डेकवर ५००० वॅट पीएमपीओ (फुगवलेला क्षणिक आकडा) असे स्टिकर बघितलेत त्यांना नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रिसिव्हरवाले इतकं करत नाहीत पण आकडा कुठल्या अटीवर दिलाय ते बारीक अक्षरात असतं. उदाहरण म्हणून सोनीचा एसटीआर-डीएच५९० घ्या. जाहिरातीत १४५ वॅट, पण हा आकडा ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध), एकच चॅनेल म्हणजे एकाच स्पीकरचा अँप्लिफायर चालू, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि ०.९ टक्के डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) धरून. त्याच मशिनचा दोन चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ०.०९ टक्के डिस्टॉर्शन असा आकडा आहे ९० वॅट. मशिन एकच, आकडे दोन. हे काही फसवणूक वगैरे नाही, सगळेच करतात, पण तुम्ही एका कंपनीचा पहिल्या प्रकारचा आकडा आणि दुसऱ्या कंपनीचा दुसऱ्या प्रकारचा आकडा शेजारी ठेवलात तर तुलना फसली. म्हणून कायम "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनेल" असं जिथे लिहिलंय तोच आकडा धरा. डेनॉन एक्स१७००एचचा तो ८० आहे, यामाहा आरएक्स-व्ही६एचा १००.

आणि आता मजा बघा, ८० आणि १०० यात फरक किती? कानाला १ डेसिबल. जेमतेम. वॅट दुप्पट झाले तर ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट मोठा "वाटायला" साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दसपट वॅट. ८० चे ८०० कोण देणारे तुम्हाला. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर तो किती आवाज देतो ते, ती डेसिबलमधे लिहिलेली असते. ८६ वाल्याच्या जागी ८९ वाला स्पीकर घेतला की झाला अँप्लिफायर दुप्पट, फुकटात. हिशोब करायचाच असेल तर असा: ८७ डेसिबलचा स्पीकर, तुम्ही ३ मीटरवर सोफ्यावर, खोलीत १ वॅटला तुमच्या कानाशी ढोबळमानाने ८० डेसिबल पोचतात. फ्लॅटमधे रात्री आपण पिक्चर बघतो तो सरासरी ६५-७० वर. म्हणजे बराच वेळ तुमचा १०० वॅटचा रिसिव्हर एक वॅटसुद्धा देत नसतो. स्फोट, ढोल, विमान वगैरे आलं की क्षणभर २०-२५ डेसिबलची उसळी लागते, तेवढ्यापुरते ते वॅट.

मग पॉवर बघायचीच नाही का? बघायची, पण वेगळ्या ठिकाणी. रिसिव्हरमधे सात अँप्लिफायर असले तरी ट्रान्सफॉर्मर एकच असतो, गच्चीवर टाकी एक आणि नळ सात असा कारभार. दोन नळ सोडले तर धार जोरात, सातही सोडले की करंगळीएवढी. कंपनी आकडा देते तो दोन नळांचा. म्हणून मागच्या प्लेटवर किती वॅट वीज खातो ते लिहिलेलं असतं ते वाचा, मधल्या किमतीच्या रिसिव्हरवर ते ४०० ते ५०० च्या आसपास सापडतं. हा काही कमाल आकडा नव्हे, ठरावीक टेस्टवर काढलेला असतो, पण ४०० घेणाऱ्या मशिनमधून सतत सात गुणिले १०० म्हणजे ७०० बाहेर पडणार नाहीत एवढं कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. दुसरी खूण वजन. एक्स१७००एच साडेआठ किलोच्या आसपास भरतो, एक्स३८००एच साडेबारा. ते जास्तीचे चार किलो बहुतेक ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकचे. तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील, हॉल मोठा असेल, बंगल्यात गच्चीवर वेगळी थिएटर रूम असेल तर हे वजन कामाचं आहे. १० बाय १५ च्या हॉलमधे ६-८ ओहमचे बुकशेल्फ (छोटे) स्पीकर आणि वेगळा सब असेल तर नाही. सब वेगळा असला की ८० हर्ट्झच्या खालचा सगळा जड माल त्याचा स्वतःचा अँप्लिफायर उचलतो, रिसिव्हर हलका होतो. म्हणून मी म्हणतो पॉवर हवी असेल तर सब घ्या.

(मेन्यूत स्पीकर इम्पिडन्स ४ ओहमवर टाकायची सेटिंग असते काही मॉडेलमधे. ती लावली की रिसिव्हर आतलं व्होल्टेज कमी करतो, गरम कमी होतो आणि ताकदही कमी होते. ८ वरच राहू द्या, हवा खेळती ठेवा.)

आता खरा मुद्दा, खोली. आपल्याकडचे हॉल बघा, खाली टाइल्स, एका बाजूला काचेची स्लायडिंग, वर पीओपी, भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या. अमेरिकेतल्या घरात लाकडाचा सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती, त्यातून बास थोडा बाहेर निसटतो, जमिनीवर कार्पेट. आपल्याकडे बास आतल्या आत घुमतो. १५ फूट लांबीच्या हॉलमधे साधारण ३८ हर्ट्झला खोली स्वतःच गायला लागते, १२ फूट रुंदीला ४७ च्या आसपास. त्या सुरांना सोफ्यावर १० डेसिबल जास्त आणि काही फूट पुढे सरकलात तर १० कमी, असं सहज होतं. आता विचार करा, ज्या खोलीत २० डेसिबलचे खड्डे आणि टेकाडं आहेत तिथे रिसिव्हरचं डिस्टॉर्शन ०.०६ का ०.०८ यावर भांडण करण्यात काय अर्थ आहे.

ही टेकाडं कापायचं काम रूम करेक्शन करतं. रिसिव्हरबरोबर छोटा माइक येतो, तो सोफ्यावर ठेवायचा, रिसिव्हर प्रत्येक स्पीकरमधून "व्हुप व्हुप" असा आवाज सोडतो, मोजतो आणि अंतर, लेव्हल, फ्रिक्वेन्सी सगळं जुळवतो. यात कमीजास्त दर्जाचे प्रकार असतात आणि पैसे खर्च करायचे असतील तर इथे करा. डेनॉन आणि मरांट्झमधे ऑडिसी असतं, त्याचं मल्टइक्यू, मल्टइक्यू एक्सटी आणि एक्सटी३२ अशी चढती भाजणी, एक्स१७००एचमधे एक्सटी, एक्स३८००एचमधे एक्सटी३२, आणि एक्सटी३२ बासमधे खूप बारीक काम करतं. ओंक्योच्या टीएक्स-एनआर७१०० आणि टीएक्स-आरझेड५० मधे डिराक लाइव्ह आहे, एनएडी आणि आर्कॅममधेही मिळतं, एक्स३८००एचमधे वेगळे पैसे भरून टाकता येतं. अँथमचं स्वतःचं करेक्शन एआरसी नावाचं आहे आणि चांगलं आहे, पण किंमत ऐकून घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न. यामाहाचं वायपीएओ, स्वस्तातल्या मॉडेलमधे एकाच जागेवरून मोजतं, वरच्यात अनेक जागांवरून, तेवढं विचारून घ्या. सगळ्यात स्वस्त मॉडेलमधे कधीकधी माइकच नसतो, सगळं हाताने, टेप घेऊन फुटात मोजून भरायचं. असं मॉडेल दहा हजारांनी स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही, त्यापेक्षा मागच्या वर्षीचं, कमी एचडीएमआय असलेलं पण माइकवालं घेईन.

याच्याच जोडीला कमी आवाजात बास भरून काढणारं फीचर, ऑडिसीत डायनॅमिक इक्यू, यामाहात वायपीएओ व्हॉल्यूम. सिनेमाचं मिक्सिंग थिएटरच्या मोठ्या लेव्हलला होतं, रिसिव्हरवर ती लेव्हल म्हणजे ०, आणि तिथे पुढच्या प्रत्येक स्पीकरचे पीक १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. घरी आपण उणे २५, उणे ३० वर ऐकतो. आवाज इतका कमी केला की आपल्या कानाला बास आणि मागचे बारीक आवाज सगळ्यात आधी ऐकू यायचे बंद होतात, मग लोक म्हणतात रिसिव्हरला दम नाही. हे ऑन करा, दम येतो. गाणी ऐकताना बास जास्त वाटला तर त्यातला रेफरन्स ऑफसेट १० किंवा १५ वर न्या.

आता माइक कसा लावायचा, कारण नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात आणि नंतर म्हणतात की करेक्शन ऑफ केल्यावरच चांगलं वाटतं. माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवायचा नाही, हातात तर अजिबातच धरायचा नाही. डेनॉन पुठ्ठ्याचा एक मनोरा देतं तो तरी वापरा नाहीतर मोबाइलचा ट्रायपॉड घ्या, तुम्ही बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीला, पाठीपासून वीतभर पुढे, तोंड छताकडे. फॅन बंद, एसी बंद, फ्रिज हॉलमधेच असेल तर तेवढा वेळ तोही बंद. स्वयंपाकघरात कुकर लावलेला नाही ना ते बघा, शिट्टी झाली की रिसिव्हर सरळ एरर देतो आणि परत पहिल्यापासून. रात्री शांतता असते म्हणून रात्री करायचा मोह होतो पण ते व्हुप व्हुप बऱ्यापैकी मोठं असतं आणि सबचं तर खालच्या मजल्यावर जातं, तेव्हा दुपारी दोन ते चार, सोसायटी झोपलेली असते पण तक्रार करायला उठत नाही ती वेळ. पहिली जागा मुख्य माणसाची, तिथून सगळी अंतरं ठरतात. बाकीच्या जागा त्याच्या आजूबाजूला दीड-दोन फुटाच्या आत, पार कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत माइक फिरवू नका, तिथे बसणारा मोबाइल बघणार आहे.

झालं की मेन्यूत जाऊन दोन गोष्टी बघा. एक, पुढचे स्पीकर "लार्ज" ठरवले असतील तर ते "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा बास सबकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झ. स्मॉल म्हणजे कमीपणा नाही, बास सबकडे पाठव एवढाच त्याचा अर्थ. दोन, सबचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ८ फुटांवर असेल तर १२-१४ सुद्धा, ते बदलू नका, सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्याने अंतरात धरलेला असतो. आणि ऑडिसीचं विकतचं ॲप घेतलंत तर करेक्शन ४००-५०० हर्ट्झच्या वर जाऊ नये अशी मर्यादा टाकून बघा, बऱ्याच जणांना तसं जास्त आवडतं, बास सुधारतो आणि स्पीकरचा स्वतःचा आवाज तसाच राहतो.

मग ब्रँडच्या आवाजाचं काय, वॉर्म आणि ब्राइट वगैरे? थोडा फरक असू शकतो, नाही असं नाही, पण दुकानात जो ऐकवतात तो बहुतेकदा व्हॉल्यूमचा असतो. दोन मशिनवर डिस्प्लेला ४० दिसलं म्हणजे आवाज सारखा झाला असं नसतं, आणि १ डेसिबलने मोठा असलेला कुठलाही रिसिव्हर कानाला "जास्त क्लिअर" वाटतो. दुकानात गेलात तर मोबाइलवर साउंड मीटरचं ॲप टाकून जा, खुर्चीत बसून दोन्हीकडे तेच गाणं, तोच आकडा. गाणंही तुमचं. त्यांच्या डेमो क्लिपमधे काच फुटते, पाऊस पडतो, हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, ते सगळ्याच मशिनवर भारी वाटतं. तुम्ही माणसाचा आवाज असलेलं काहीतरी घेऊन जा, ज्या गायकाचा आवाज तोंडपाठ आहे असं, आणि एक बातम्या. सेंटरमधून निवेदकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत असेल तर घरी हिंदी वेब सिरीजचे पुटपुटलेले डायलॉग तुम्हाला कळणार नाहीत, आणि तो दोष बऱ्याचदा सेंटर स्पीकरचा असतो. अजून एक विचारायचं, आत्ता कुठला मोड चालू आहे? एकावर प्युअर डायरेक्ट (काहीही न बदलणारा मोड) आणि दुसऱ्यावर करेक्शन, असं चालू असेल तर ती तुलना सोडून चहा प्यायला जा.

फीचर्ससाठी माझा नियम सोपा आहे: जे नंतर बाहेरून जोडता येत नाही ते आत्ता घ्या, जे दोन-पाच हजारांच्या स्टिकमधून मिळतं त्याला शून्य मार्क.

शून्य मार्कांची यादी मोठी आहे. रिसिव्हरमधली ॲप्स, इंटरनेट रेडिओ, वायफायवरून गाणी, हे सगळं टीव्हीत आणि स्टिकमधे आहेच आणि तिथे ते अपडेटही होतं. ८के अपस्केलिंग टीव्ही स्वतः करतो. हॉल, स्टेडियम, चर्च असले इफेक्ट पहिल्या रविवारी पाहुण्यांना दाखवून होतात. बाय-अँपिंगची (एका स्पीकरला दोन अँप्लिफायर लावायची) सोय म्हणजे त्याच टाकीला अजून दोन नळ. झोन २, म्हणजे बेडरूममधे वेगळं गाणं, ज्यांना लागतं त्यांना माहीत असतं की लागतं.

जे बाहेरून येत नाही त्यात पहिलं ईएआरसी, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलवरून परत रिसिव्हरकडे आणायची सोय (अँथमच्या एआरसीशी याचा संबंध नाही). साधं एआरसी २००९ मधे एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ईएआरसी २.१ बरोबर. ओटीटीवरचा ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) कॉम्प्रेस केलेल्या डॉल्बी डिजिटल प्लसमधे येतो आणि तो साध्या एआरसीवरूनही जातो, त्यामुळे फक्त ओटीटीच बघत असाल तर ईएआरसी नाही म्हणून रडू नका. ब्लू-रे प्लेअर किंवा हार्ड डिस्कवरचे मोठे पिक्चर, ज्यात ट्रूएचडी (डॉल्बीचा) किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (डीटीएस या दुसऱ्या कंपनीचा) हे काहीही न कापलेले आवाजाचे फॉरमॅट आहेत, ते टीव्हीतून परत रिसिव्हरकडे आणायचे तर ईएआरसी लागतंच, नाहीतर प्लेअर थेट रिसिव्हरला लावायचा आणि रिसिव्हरमधून टीव्हीकडे जायचं, हा जुना रस्ता सगळ्यात बिनघोर. टीव्ही कुठला आहे तेही बघा, सॅमसंगच्या बऱ्याच वर्षांच्या टीव्हींमधे डीटीएस चालत नाही, मग रिसिव्हर कितीही महाग असो, डीटीएसचा पिक्चर टीव्हीवरून लावला की शांतता. ऑप्टिकल केबलवर तर ॲटमॉस येतच नाही.

गेमवाले असाल तर ४के १२० हर्ट्झ असलेले इनपुट किती हे विचारा, सगळेच नसतात. २०२० मधे आलेल्या एचडीएमआय २.१ च्या पहिल्या फळीतल्या काही रिसिव्हरमधे एक चिप सदोष होती, एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के १२० वर लावला की स्क्रीन काळी, आणि नंतर कुणी जोडायचं डबडं दिलं तर कुणी बोर्ड बदलून दिला. त्या वर्षाचा सेकंडहँड पीस घेताना बोर्ड बदललाय का ते विचारायचं. गेम खेळतच नसाल तर उलट हाच पीस तुम्हाला स्वस्तात पडेल.

दुसरं, चॅनेल. ७.२ लिहिलं म्हणजे सात अँप्लिफायर आणि सबच्या दोन जागा, आणि स्वस्तातल्या मॉडेलमधे त्या दोन जागांतून एकच सिग्नल येतो, आतून फक्त फाटा फोडलेला. सातचे तुम्ही ७.१ करू शकता किंवा ५.१.२, म्हणजे छतात दोन. आपल्या हॉलमधे सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, त्यामागे अजून दोन स्पीकर कुठे लावणार, म्हणून ५.१.२. पीओपीचं काम अजून व्हायचं असेल तर आत्ताच वायर टाकून ठेवा, स्पीकर नंतर घ्या. ६-७ मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर पुरते, त्याहून लांब असेल तर अडीच. हजार रुपये मीटरवाली वायर दुकानदार दाखवेल, छान आहे म्हणायचं आणि पुढे जायचं.

तिसरं प्री-आउट. हे असले तर उद्या पुढच्या दोन स्पीकरांना वेगळा पॉवर अँप्लिफायर किंवा तुमचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर जोडता येतो, रिसिव्हर नुसता मेंदूचं काम करतो. गाण्याचं वेड असलेल्या माणसाला हे फीचर म्हणजे सुटकेची खिडकी आहे, पण ते मधल्या किमतीच्या वरच सापडतं. एक्स३८००एचमधे नऊ अँप्लिफायर, सगळ्यांचे प्री-आउट आणि चार वेगवेगळे सब, तो बऱ्याच जणांचा शेवटचा रिसिव्हर होतो. आणि जर तुमचं ऐकणं मुळात गाणीच असेल, नाट्यसंगीत, गझल, आणि पिक्चर महिन्यातून दोन, तर सात चॅनेलच्या मागे लागूच नका. एचडीएमआयवाले दोन चॅनेलचे स्टिरिओ रिसिव्हर मिळतात, मरांट्झचा एनआर१२०० किंवा डेनॉनचा डीआरए-८००एच हे त्यातले थोडे जुने, दोन चांगले स्पीकर, एक सब, संपला विषय. पाच स्वस्त स्पीकरांपेक्षा दोन चांगले केव्हाही बरे.

मी स्वतः निवडताना क्रम असा लावीन: आधी करेक्शन कुठलं, मग ईएआरसी आणि लागतील तेवढे एचडीएमआय, मग चॅनेल, मग प्री-आउट, आणि हे सगळं बसलं की वॅट आणि वजन. ब्रँड सगळ्यात शेवटी, आणि तोही आवाजासाठी नाही, आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का यासाठी.

कुठून घ्यायचा? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, दोन्हीकडे घासाघीस चालते आणि दसरा-दिवाळीला ऑनलाइन भावही खाली येतात. बिल आणि भारतातली वॉरंटी नसलेला पीस १०-१५ हजारांनी स्वस्त सांगतील, पण रिसिव्हरमधे बिघडतो तो बहुतेक एचडीएमआयचा बोर्ड, आणि तो बाहेर बनवून मिळणं महाकठीण, त्यामुळे स्वस्त तो महाग पडतो. न्यू जर्सीचा मामेभाऊ येताना घेऊन येतो म्हणाला तर आधी सांगा की तिकडचा पीस १२० व्होल्टचा असतो, इथे २३० ला थेट लावला की गेला. एक हजार व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो स्वतः किलोकिलोने जड असतो, बारीक घूं करतो, आणि वॉरंटी इकडे चालत नाही. एवढं करून डॉलरच्या भावात फार काही वाचतही नाही.

घरी आणल्यावर टीव्ही युनिटच्या बंद खणात ढकलू नका. वर निदान चार बोटं नाही, वीतभर जागा, मागे हवा, आणि वर सेटटॉप बॉक्स किंवा देवाचा फोटो ठेवायचा नाही, वरच्या जाळीतूनच गरम हवा निघते. त्याच जाळीतून मुंग्या आणि झुरळं आत जातात, उबेला बसतात, तेव्हा खण स्वच्छ ठेवा. पावसाळ्यात बाहेरगावी गेलात तर आल्यावर तासभर नुसता चालू ठेवा, दमट हवा निघून जाते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, डिशची केबल आणि रिसिव्हर यांच्या अर्थमधे फरक असला की सबमधून सतत हम येतो आणि लोक विनाकारण सब बदलून आणतात. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, आणि डिशची केबलही काढा, वीज त्या बाजूनेही येते आणि एचडीएमआय बोर्ड तोच खाते. खोका आणि आतला थर्मोकोल माळ्यावर ठेवून द्या, सर्व्हिस सेंटरला मशिन न्यायचं झालं तर त्यातूनच न्यावं लागतं.